खिडकी क्रमांक तीन

मी वकील नाही.
हे आधी सांगावं लागतं प्रत्येकाला,
कोट काढायच्या आत.
माहिती देते, सल्ला देत नाही.
थंडर बेच्या कोर्टात, तळमजल्यावर,
बाहेर सरोवर गोठलेलं,
आणि ऑरेस्ट हलायको नावाचा माणूस
मिशीवरचा बर्फ वितळायच्या आधीच विचारतो,
'किती जाईल?'

घटस्फोट म्हणतात, पण इथे काही फुटत नाही.
इथे मोजतात.
लग्नाच्या दिवशी तुमच्याकडे काय होतं,
वेगळे झालात त्या दिवशी काय होतं.
मधली अकरा वर्षं म्हणजे एक वजाबाकी.
पेन्शन लिहा. स्नोमोबाइल लिहा, आजचा भाव नाही, त्या दिवसाचा.
ट्रकवरचं कर्ज जरूर लिहा.
कुत्रीचं विचारू नका,
कायद्याच्या लेखी ती सोफ्याच्या रांगेत बसते.

'पहिले चार महिने मी त्याच घरात, तळघरात होतो.
ते धरायचे?'
धरतात. वेगळेपणाचं वर्ष तळघरातही सरतं.
मध्ये पुन्हा एकत्र राहून बघितलंत
तर नव्वद दिवसांपर्यंत घड्याळ मागे नेत नाहीत.
'आम्ही एकोणीस वापरले,' तो म्हणाला.

मग घराचं काढलं. घर कारिनाला देऊन टाकतो,
तिने मुलांच्या पैशांचं नाव काढायचं नाही, मिटलं.
हे दर आठवड्याला कोणीतरी म्हणतं,
घासाघीस जमली अशा चेहऱ्याने.
ते पैसे तिचे नाहीत, मिस्टर हलायको.
मुलांचे आहेत.
जे तिचं नाहीच, ते ती माफ कशी करणार?
(सल्ला नाही हा.)

तक्ता उलटा करून त्याच्याकडे सरकवला.
डावीकडे पगार, कर कापायच्या आधीचा,
रात्रपाळीचा भत्ता धरून.
दोन मुलांचं पान हे.
रेघेवर बोट ठेवा आणि उजवीकडे न्या.
त्याच्या नखात धान्याची धूळ होती, एलिव्हेटरवरची.
बोट आकड्याशी थांबलं
आणि तिथेच राहिलं,
गरम तव्याला चिकटावं तसं.
दातांच्या तारा, हॉकीचे बूट ते वेगळं,
दोघांच्या कमाईच्या प्रमाणात.
ते मी हळूच सांगितलं.

तेव्हा त्याने आतल्या खिशातून कॅलेंडर काढलं.
टायरच्या दुकानाचं, फुकट मिळालेलं.
लाल फुल्या.
एकशे सेहेचाळीस रात्री मुलं माझ्याकडे झोपली,
तर हिशेब बदलतो ना? कोणीतरी कामावर सांगितलंय.
बदलू शकतो. माफ होत नाही.
दोघांचे पगार, दोघांचे खर्च समोरासमोर ठेवून बघतात.
'माझ्या एकशे एकेचाळीस आहेत.'

वादळात हायवे बंद झाला आणि मुलं अडकली, ती रात्र?
धरा.
शनिवारी दहा वाजता नेऊन सोडली, ती?
नाही.
मार्कोला ताप होता, तिच्याकडे,
मी गल्लीत गाडीत बसलो होतो,
इंजिन चालू ठेवून, सकाळपर्यंत.

मी खाली बघितलं.
स्टेपलरमध्ये पिना होत्या, तरी भरल्या.
नाही, म्हटलं. ती धरत नाहीत.

तो भांडला नाही. प्रत काढून द्या म्हणाला,
पानाला पंचवीस सेंट, बारा पानं.
मशीनवर एकेक महिना पालथा घालत गेले.
ऑक्टोबरच्या एका गुरुवारी, चौकोनात न मावणाऱ्या अक्षरांत
सेन्याने पेन्सिलीने लिहिलं होतं: दात पडला.
खाली दातच काढला होता, बटाट्याएवढा.
त्या दिवसावर लाल फुली नव्हती.

प्रत बाहेर आली.
लाल खुणा काळ्या उमटल्या होत्या, ठळक.
पेन्सिल उमटली नव्हती.
मी मशीन गडद करून पुन्हा काढली.
त्या पानाचे पंचवीस सेंट लावले नाहीत.