टाका

गोदीत अकरा वर्षं मी लोखंडाला लोखंड जोडतोय.
जहाजाच्या पोटात उताणा पडून
नाकाच्या वर सरळ टाका घालायचा झाला
तरी हात हलत नाही माझा.
फोरमन एमलिन त्यावरून बोट फिरवतो नि म्हणतो,
"शिवण घातलीस की काय रे, गेथिन!"

आणि आता रात्री एक वाजता स्वयंपाकघरात
एवढ्याशा नळीतून लोणी-साखर पिळताना
मनगट थरथरतंय.

मार्गेड रात्रपाळीला गेली. जाताना म्हणाली,
"दुकानातून आण की. तयार मिळतो."
मी म्हणालो, बघू.
माझं बघू म्हणजे नाही,
हे तिला बारा वर्षांत पाठ झालंय.

गेल्या वर्षी लुवेलिनने साळू मागितला होता.
चॉकलेटचे काटे रात्रीतून एका कुशीला निजले
आणि पाहुण्यांनी विचारलं, "अरे वा, बूट?"
पोराने कमरेवर हात ठेवून सांगितलं,
"साळू आहे. झोपलाय."
असं पाठीशी उभं राहणाऱ्याला
दुकानातला केक कसा द्यायचा?

यंदा दीपगृह.
खाडीच्या तोंडाशी आहे तसलं, पण लाल पट्ट्यांचं.
तीन थर, मधे जॅम.
मधला थर भट्टीतच खचला,
त्याला कापल्या कडांची पाचर मारली, वरून लेप.
लोखंड कसं, तापतं, वितळतं आणि मग ऐकतं.
हे लोणी माझ्या तळहाताच्या उबेनेच
पिशवीतल्या पिशवीत पाघळतं.
हात गार पाण्याखाली धरायचे, पुसायचे, पुन्हा पिळायचं.

लाल रंगाचे थेंब टाकले. गुलाबी झालं.
आणखी टाकले. गुलाबीच, फक्त रागावलेलं.
बाटली संपली.
जहाजांनी काय समजायचं ते समजावं.

मग पायथ्याच्या निळ्या समुद्रात अक्षरं.
सुरुवात दांडगी केली, गोदीच्या पाटीसारखी.
"पेनब्लुइद हापिस" लिहिण्यातच
अर्ध्याहून जास्त समुद्र संपला.
"लुवे"पाशी आलो तर पुढे काठ.
राजाचं नाव ठेवायची हौस कुणाची? माझीच.
उरलेली अक्षरं अंग चोरत, बारीक होत
काठावरून खाली उतरली,
आणि शेवटचा "न" ताटलीत जाऊन बसला.

चाकूने खरवडून पाहिलं, खळगा पडला.
खळग्यावर लाट काढली.
लाट बरी जमली.
मग जिथे चुकलं तिथे लाट.
समुद्र बराच खवळला.

मी आठ वर्षांचा झालो तेव्हा
बापाचं काम सुटलं होतं.
त्याने पावाच्या जाड तुकड्यावर
काकवीत बोट बुडवून माझं नाव लिहिलं होतं.
अक्षरं वाकडी, पण सगळी मावली.
नखात ग्रीस होतं त्याच्या.
मी तो पाव कडेकडेने खात गेलो,
नाव शेवटी उरावं म्हणून.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही,
आणि आता सांगायला तो नाही.

सहाला मार्गेड आली. कोट तसाच अंगावर.
केकभोवती एक फेरी मारली,
ताटलीतला "न" बोटावर घेतला, चाटला.
"साखर जास्त झालीय," म्हणाली.
मग मान तिरकी करून,
"आणि दिवा कुठाय?"

पट्टे, लाटा, दोन गलबतं,
गलबतावर मुंगीएवढा नावाडीसुद्धा.
दिवा विसरलो होतो.

तिने खिसा चाचपला.
वॉर्डातल्या म्हाताऱ्या प्रॉसरने
पहाटे बळेच हातात कोंबलेली लिंबाची गोळी.
कागद सोडवला, खिशातली लव फुंकली
आणि टाचा उंचावण्याची गरज नसताना टाचा उंचावून
ती वर ठेवली.

दीपगृह जरा पश्चिमेला कललंय.
जिन्यात अनवाणी पावलं वाजतायत.
"नावात एक अक्षर कमी आहे," मी कुजबुजलो.
"माझ्या पोटात आहे," ती म्हणाली,
"विचारलं तर सांगते."