साठाव्या रात्रीनंतर

हुकमावर गृहसचिवांची सही होती,
कारण लेखी होतं, मुदत साठ दिवस.
नंबर मुलाच्या नावाचा;
उचलायच्या मात्र इंदुमती पागे, दांडिया बझार.
बहीण ह्यूस्टनला, म्हणून बोलणं रात्रीचं.

मी टाइप करत गेलो:
मोहरीची डाळ जुनी नको,
लिंबाला मीठ आठ दिवस आधी लाव.
धाकटीला बघायला मिरजेची माणसं येऊन गेली.
संशयास्पद: काही नाही.
संशयास्पद: काही नाही.

समितीनं फाइल पाहिली,
मुदत वाढवली नाही.
साठाव्या रात्री बाराला लाइन बंद,
अर्ध्या वाक्यात:
“अगं, तिचं म्हणणं…”

सहा महिन्यांनी सगळं नष्ट केलं,
कागद, ध्वनिफीत, माझी टिपणवही.
दोघांच्या सह्या, तारीख, शिक्का.
नियम इतका नीट पाळलेला
नोकरीत क्वचितच पाहिला.

परवा सुरसागरच्या कडेला, किराणा दुकानात
मागून आवाज आला,
“भाई, राईनां कुरियां ताजां छे ने?”

मी वळलो नाही.
सुट्टे पैसे मोजत राहिलो,
होते त्याहून जास्त वेळ.

घरी लिंबाला मीठ लावून ठेवलंय.
आज सातवा दिवस.