चांदरचा धुण्याचा दगड

पिएदाद रेबेलोच्या विहिरीमागे
तो पालथा पडला होता, साबणाने गुळगुळीत.
चौघांनी पहार लावून उलटला तेव्हा
खालून दोन विंचू निघाले आणि एक घोडा.

मी ठसे घेतो. ओला कागद, ब्रशचा मार, काजळीची शाई.
वाचायचं काम धारवाडच्या सरांचं,
पण तीस वर्षांत अक्षरं ओळखीची होतात,
अंधारात शेजाऱ्याची पावलं कळावीत तशी.

बोप्पय्य. तीन गावांचा नायक.
राजा नव्हे, राजाच्या माणसाचा माणूस.
मिठागरात पाचवा वाटा, दोन कुळागरं,
आणि देवळात खांबाआड उभं राहायचा मान.
लढाईत नाही मेला. खाजनाचा बांध कुणी फोडला,
रात्री, ऐन भरतीला,
आणि हा भाला घेऊन चिखलात उतरला.
शत्रूचं नाव दिलेलं नाही.
शेजारीच असणार.

थोरला विज्जय गोपकपट्टणाला, जहाजावर...
पुढे क्रियापद नाही, दगडाचा टवका उडालाय.
गेला, की आला, की बुडाला,
सर म्हणतात, तिन्ही बसतं.
धाकट्या माचय्याने दगड उभा केला.
खर्चही कोरलाय: दोन गद्याण.
पाथरवटाने तेवढ्याचंच काम केलं असावं,
घोड्याला पाय तीनच आहेत.

मुलगी : एक. नुसता आकडा.
बायकोचं नाव मात्र होतं, पुरतं, आडनावागत ठसठशीत,
आता शेवटचं "व्वे" उरलंय.

"सासूमाय ह्याच कुशीर धुवायची," पिएदाद म्हणाली,
"नक्षी खरखरीत, मळ बरा सुटता.
मागीर घुटने गेले तिचे, आनी आम्ही परतलो दगड."
म्हणजे चाळीसेक वर्षं
पोरांची दुपटी, रविवारचे सदरे, एका मयताची चादर
त्या नावावर आपटली गेली.

कागद सोलून उन्हात धरला.
काळ्यावर पांढरा घोडा, पांढरा भाला,
आणि व्वेच्या अलीकडे
एक मऊ, रिकामी, ओंजळीएवढी जागा.
"कोण गा तो?" तिनं विचारलं.
सांगितलं, जेवढं होतं तेवढं.
ती बराच वेळ तीन पायांकडे बघत राहिली.
"आमचोच कोण तरी आसतलो."
मग बादली उचलून,
"पूण आता कपडे खंय धुवचे?"