उसनं ड्रिल

तुला पुरून आलो त्या दुपारी, एम्लिन,
चहाचं पाणीच तापलं नाही.
पेन्ट्रेव्हेलिनचं अख्खं गाव
हॉलमध्ये ओल्या कोटांत उभं,
आणि सगळ्यांच्या माना एकदम वळल्या
बॉयलरशेजारच्या स्टुलाकडे:
तू उठशील, डाव्या बुटानं खालच्या नळीला
एक हलकी लाथ घालशील, म्हणून.

कुणीतरी खोकलं.
मग मीच उठलो. लाथ घातली, उजव्या पायानं.
काही झालं नाही.
शेवटी संत्र्याचं सरबत प्यायलो आम्ही तुझ्या नावानं,
फेब्रुवारीत.

ज्या खोऱ्यात मेंढरंसुद्धा सुरात ओरडतात म्हणे,
तिथं तुझ्या गळ्यात सूर औषधाला नव्हता.
चॅपलच्या गायकांत तुला कुणी घेतलं नाही.
चाळीस वर्षं त्यांच्या खुर्च्या मात्र तू मांडल्यास,
आणि ते गायला लागले की बाहेर जाऊन
पायऱ्यांवर मीठ पसरत राहिलास,
जाताना कुणी घसरू नये म्हणून.
'लष्कराच्या भाकऱ्या!' माझी मेगन म्हणायची,
आणि केकचा मोठा तुकडा तुझ्यासाठी बाजूला काढायची.

देवमाणूस वगैरे नव्हतास, हेही लिहून ठेवतो,
कारण पाद्री परवा फारच वाहवत गेला.
डॉमिनोजमध्ये तू सर्रास लबाडी करायचास.
नदीकाठचा बाक कुठं असावा यावरून
ह्यू पॅरीशी अकरा वर्षं बोलला नाहीस.
पुराच्या रात्री त्याच्याच म्हाताऱ्या आईला
पाठुंगळीला घेऊन चिखलातून आलास,
त्याच्या दारात उतरवलंस,
आणि तेव्हाही बोलला नाहीस.

किल्ल्या आता माझ्याकडे आल्यात.
हॉलच्या किल्लीला लाल लोकर, चॅपलच्या निळी,
टेलिफोनच्या जुन्या खोक्याला पिवळी,
जिथं हल्ली बंद पडलेलं हृदय सुरू करायचं यंत्र असतं.
हिरवी कशाची, ते कुणालाच माहीत नाही.
गावातली सगळी कुलपं पाहून झाली.

आणि तुझी वही. तेलकट, रबर लावलेली.
'मिसेस बेडो: दिवा गेलाय म्हणते. दिवा चांगला आहे. बसणे.'
'शाळेमागचा नवीन मुलगा: सायकलची चेन. घाई करू नये.'
आणि मेगन गेली त्या शरदापासून
दर सोमवारी, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात,
'ग्विलिम: ड्रिल मागणे.'

तीन वर्षं, एम्लिन!
मी मनातल्या मनात कुरकुरायचो,
एवढी भोकं पाडतो तरी कुठं हा माणूस?
तू दारात टोपी काढून उभा.
एक चहा व्हायचा, मग दुसरा,
शुक्रवारी ड्रिल परत, पुन्हा चहा,
आणि मेगनची खुर्ची सोडून तू
खिडकीतल्या मोडक्या पेटीवर बसायचास.

काल तुझ्या बहिणीबरोबर तुझं घर आवरलं.
भिंतींना एक भोक नव्हतं.
जिन्याखाली तुझं स्वतःचं ड्रिल होतं,
माझ्याहून चांगलं.

आज रविवार.
ह्यू पॅरीची आई जानेवारीत गेली.
उद्या त्याच्याकडे जाईन म्हणतो.
त्याच्याकडे ड्रिल आहे की नाही, कुणास ठाऊक.
नसलं तर शिडी मागेन.