रविवारी अचलपूर

एकोणीस वर्षं मी या नावाच्या पाकिटांवर शिक्का मारतेय
आणि गाव एकदाही पाहिलं नव्हतं.
आमच्या टपालघराच्या खिडकीतून दिसते
ग्रामपंचायतीची टाकी, टाकीवर कावळा.
तोही बदलीचा असावा, दर वर्षी वेगळा वाटतो.

हसीना म्हणाली, 'चाल वं, माह्यं माहेर दाखोतो तुले.'
मी सांभारवड्या बांधल्या.
तिच्या भावाची व्हॅन, मागचं दार सुतळीनं आवळलेलं,
दर्यापूर मागे पडेस्तोवर आम्ही दोघी
शाळेच्या सहलीला निघाल्यासारख्या उगाच हसत होतो.

वेशीच्या दरवाज्याला हत्ती अडवायचे खिळे.
आता त्यांवर पंक्चरवाल्याच्या ट्यूबा लटकतात.
मी तळहात ठेवला,
लोखंड तापल्या पोराच्या कपाळासारखं.
'शाळेत जाताना मोजत जायचो आम्ही,' हसीना म्हणाली,
'कोणाचेच दोनदा सारखे भरले नाहीत.'

एका दुकानाच्या पाटीवर रंगाचे पापुद्रे सुटलेले,
अचलपूरच्या खालून डोकावत होतं एलिचपूर.
आमच्या गावचे मनसाराम खडसे अजून तसंच लिहितात पत्त्यात,
आणि मी दर वेळी पेन्सिलीनं सुधारते.

शहराबाहेर हौज कटोरा.
हौजात पाणी नाही, शेळ्या आहेत.
मधोमध आठ कोनांची इमारत.
कोणत्या सुलतानानं बांधली, कशापायी,
हसीनाला ठाऊक नव्हतं.
तिला ठाऊक होतं एवढंच, की इथं
तिच्या फुफ्फीचं एक पैंजण हरवलं
आणि दुसरं तिनं जन्मभर घातलं.

दुपारी उकंडराव धर्माळेंच्या बगीच्यात.
त्यांनी आधी संत्रं दिलं नाही.
आधी विहीर दाखवली, मग मोटारीचं बिल,
मग झाडं. मग चाकू नाही, अंगठा लावला.
'मृगाचं हाय. गिळू नका. तोंडात ठेवा जराशी.'
आम्ही गाल फुगवून उभ्या.
डावीकडल्या ओळीतलं गोड, विहिरीजवळचं पाणचट,
बांधावरच्या झाडाचं मात्र...
मला शब्द सापडला नाही.
'याले सांगताच येत नाही,' हसीना म्हणाली.
उकंडराव पहिल्यांदा हसले.

मग वाकून त्यांनी माझं बोट खोडावर टेकवलं,
गुडघ्याच्या खाली, जिथं गाठ होती.
'खालतं जंबेरी, वर संत्रं. इथं सांधा.
वरचं मेलं का खालचं उठते.'
कोपऱ्यात तसं एक उठलेलं होतं,
काटेरी, खरबरीत पिवळ्या फळांचं.
'तोडत नाही?'
'काऊन तोडू? पह्यलेपासून त्याचंच तर झाड होतं.'

परतीत व्हॅनमध्ये कोणी बोललं नाही.
हसीना झोपली, तिच्या ओट्यातल्या साली
वळणावळणाला सांडत गेल्या.

आज सोमवार. मनसारामांचं पाकीट आलं,
पोस्ट एलिचपूर, टपोऱ्या अक्षरात.
मी पेन्सिल उचलली.
अंगठ्याला अजून वास होता.
पेन्सिल डब्यात परत टाकली,
शिक्का जरा वाकडाच बसला.

कोपऱ्यातल्या झाडाची एक जंबेरी मी आणलीय.
ती वजनकाट्यावर आहे. एकशे ऐंशी ग्रॅम.
किती तिकीट लागेल ते पाहिलं.
पत्ता काही सुचला नाही.