दोन घंट्या

उंदीर म्हणतात याला, आणि शेपूट तोंडाकडून निघालेली.
पहिल्या दिवशी मी तो उलटा धरला,
शेपूट मनगटाकडे, जनावराची असते तशी,
तर वर म्हटलं की बाण खाली,
उजवीकडे म्हटलं की डावीकडे.
लोकेंद्र हसला नाही. छोट्या ग्वालटोलीत
ट्रॅव्हल्सच्या काउंटरवर बसणाऱ्या पोराला हसायला वेळ नसतो.
"निगुडकरसाब, घुमा लो," म्हणाला
आणि सेंधव्याचं पार्सल तोलायला गेला.

सरवटे स्टँडवरून एकतीस वर्षं गाड्या काढल्या मी.
बिल्ला नंबर एकोणीसशे चार.
खांद्याला चामड्याची बॅग, बोटांच्या बेचक्यात उभ्या घडीच्या नोटा,
मानपूरच्या घाटात, एका पायावर,
तिकिटाच्या नेमक्या आकड्यावर पंच मारलेला हा हात.
आणि आता, न हलणाऱ्या खुर्चीत बसून
मला एक चौकोन सापडत नाही.
बाण त्याच्यावरून निघून जातो,
हात दाखवणाऱ्याला न घेता गेलेल्या गाडीसारखा.

"दबोचो मत, काकासाब. हाथ रख दो बस."
घट्ट धरतो मी, खरं आहे.
दांडा सुटला की माणूस कुणाच्या तरी मांडीवर, ही सवय.

मग टेबलच संपलं.
चहाचा ग्लास कडेला, त्याच्यापुढे भिंत,
आणि बाण अजून पडद्याच्या अर्ध्यात.
लोकेंद्रने माझ्या हातासकट उंदीर उचलला,
अलगद मागे आणून ठेवला.
बाण होता तिथेच.
मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा.
हात मागे आला तरी
कापलेलं अंतर कापलेलंच राहतं.
महामंडळ बंद झालं त्या वर्षी
हे कुणी करून दाखवायला हवं होतं.

एकदा दाबलं की चौकोन निळा होतो. नुसता निळा.
"दो बार. जल्दी."
मी दोनदा दाबतो, पण मध्ये एक श्वास जातो.
दोन वेळा एकदा होतं ते,
दोनदा होत नाही.
चौथ्या दुपारी काउंटरवर कुणी नव्हतं,
बाहेर एक उभी बस विनाकारण हॉर्न देत होती,
तेव्हा बोटालाच आठवलं, मला नाही:
एक घंटी, थांब.
दोन घंट्या, चल.
मधल्या अंतराला कधी माप नव्हतं,
रमजानभाई पाठमोरा ओळखायचा.
टण् टण्.
उघडलं.

आत आख्खी गाडी, वरून पाहिलेली, छप्पर काढून.
राखाडी भरलेले, गुलाबी बायकांचे.
सुट्टे कुणी मागत नाही.
"मांडीवर घेते की" म्हणून पोराचं वय चोरणारी कुणी नाही.
अठ्ठावीस नंबरची खिडकी मी कुणा पवित्राबाईला दिली,
चाकावरची जागा होती, हादरे बसतील,
सांगायला तिचं तोंड कुठे होतं समोर.

आणि मधलं ते चाक!
एकतीस वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नाही,
तो मान रमजानभाईचा,
आता एका बोटाखाली चाक.
फिरवलं तशी गावं वर सरकू लागली:
राऊ, मानपूर, गुजरी, धामनोद,
थांबे उतरून जात होते पडद्याबाहेर
आणि खलघाट आलं.

इथे रमजानभाई न सांगता हळू करायचा.
बायका पदराची गाठ सोडायच्या,
खिडकीतून नाणी नर्मदेत,
एखादं कठड्याला लागून परत रस्त्यावर.
कुणाकडे सुट्टं नसलं
तर मी बॅगेतून द्यायचो, हिशेबात न धरता.

माझं बोट चाकावर थांबलं.
पडदा थांबला.

लोकेंद्र आतून ओरडला,
"क्या हुआ, हँग हो गया?"

नाही रे.
पूल आहे.