दोन बोटं फट

पहाटे पाचला निघते तेव्हा
विनिपेग सरोवर कण्हत असतं.
तीन फूट बर्फ, त्याखाली पाणी कूस बदलतं,
आणि वर एकवीस झोपड्यांत माणसं
भोकात दोऱ्या सोडून बसलेली.

झोपड्या माझ्या. भाड्यात मिळतं ते सगळं
दारावर लिहिलंय :
हीटर, सिलिंडर, दोन खुर्च्या, चार भोकं.
खाली माझ्या अक्षरात,
खिडकी दोन बोटं उघडी ठेवा.

ऐकत नाहीत.
उणे एकतीसमध्ये कोण ठेवणार?
उलट फावड्यानं भिंतीला बर्फ लावून घेतात,
कुठून बारीक वारा येतो ते शोधत बसतात,
सापडला की खूश.

म्हणून प्रत्येक झरोक्याला
नारिंगी लोकरीचा एकेक धागा बांधलाय.
हलला, की मी पुढच्या झोपडीकडे.
कोणी विचारतं, थोरा, ही कसली सजावट?
मी म्हणते, हो, सजावटच.

अलार्म असतात सगळीकडे. पण थंडीत बॅटऱ्या दगावतात,
म्हणून एक मी कोटाच्या आत ठेवते, छातीपाशी,
आजारी कोकरासारखा.

लोकर मोज्याची आहे.
बाबांनी तो झरोक्यात कोंबला होता, नीट, बोटानं दाबून.
दुसरा त्यांच्या पायातच होता.
मी नऊ वर्षांची, डबा घेऊन गेलेली.
बाबा खुर्चीत, गाल गुलाबी,
कुणाच्या लग्नाहून आल्यासारखे.
गळाच्या काठीवरची घंटी वाजत होती.
मासा जिवंत होता.

लोक म्हणाले, झोपेतच गेला, बरं झालं.
आईनं मोजा उसवला
आणि गुंडा माझ्या हातात दिला.
बोलली काहीच नाही.

आज चौदा नंबरचा धागा हलेना.
रात्रीच्या वाऱ्यानं झरोका कमरेपर्यंत पुरलेला.
दार ठोठावलं. आतून ओस्ताप बिलिक,
शब्द चिखलातून ओढून काढावेत तसा,
“मासे लागताहेत. दार लाव.”
त्याचा भाचा डॅरिन गुडघ्यात डोकं घालून.
“ब्रँडी चढलीय पोराला,” ओस्ताप म्हणाला.
बाटलीचं सील तसंच होतं.

ना धूर, ना वास.
कॉफीचा सुगंध होता, ओल्या हातमोज्यांचा होता,
आणि ऊब होती, अशी
की मलाही क्षणभर बसावंसं वाटलं.
तेवढ्यात कोटाच्या आत, माझ्या छातीवर,
तो किंचाळायला लागला.

पोराला टोपीला धरून ओढलं.
बाहेर येऊन ओकला, मग रडला,
मग आईला फोन करू नका म्हणाला.
ओस्तापला ढकलत आणलं. शिव्या देत होता मला,
सगळी ऊब गेली, पैसे परत दे,
आणि बर्फावर बसून
बुटांच्या नाड्या सोडत होता.
का सोडतोयस, विचारलं.
बघत राहिला नाड्यांकडे.

गिमलीहून गाडी आली,
दोघांच्या तोंडावर ऑक्सिजन लावून गेली.
जाताना पोरानं हात हलवला. ओस्तापनं नाही.

दुपारी हीटर बंद करायला परत गेले.
दार सताड उघडं, आत बाहेरइतकीच थंडी,
भोकांवर बर्फाची साय धरू लागलेली.
आणि काठीवरची घंटी वाजत होती.

मी उंबऱ्यातच उभी राहिले.
किती वेळ, माहीत नाही.
मग आत जाऊन दोरी ओढली. पिकरेल होता, हातभर.
गळ काढला, सोडून दिला. उदार वगैरे नाही मी,
इतर दिवशी तळून खाते.

झरोका उकरला. धागा झटकला.
खिडकी गोठून चिकटली होती, ती चाकूनं सोडवली
आणि फट मोजली, हातमोजा न काढता.
तेवढी जास्त भरते.
भरू दे.